कुंभार्लीच्या उताराचा ब्रेक

गाडी विकत घेताना लोक विचारतात, ती पळते किती, ओढते किती आणि डिझेल किती पिते. थांबते कशी, हे विचारणारा माणूस शोरूममध्ये मला कधी दिसला नाही. तो दिसतो माझ्या गॅरेजात, आणि तोही एकदा चांगला भ्याल्यावर. अशा भ्यालेल्या माणसांवरच माझा संसार झाला. दोन्ही मुलींची शिक्षणं झाली, घरावर स्लॅब चढला. त्यामुळं धंद्यावर चार पानं लिहा असं दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तेव्हा मला आधी ह्या मंडळींचीच आठवण आली. त्यांचे उपकार तोंडी मानून झालेत, आता लेखी मानतो.

मी ब्रेकचा मिस्त्री. नाव शौकत मुल्ला. कराडहून पाटणकडं जाताना मल्हारपेठेच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आमचं गॅरेज आहे. आता ते धाकटा जावई चालवतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. इंजिनाचं काम मला येत नाही असं नाही. पण ज्याला सगळंच येतं त्याच्या हाती घाटात जाणारी गाडी देऊ नये, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

काम शिकलो सांगलीजवळ माधवनगरला, दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली. गिरण्यांचं कापड वाहणारे ट्रक तेव्हा त्यांच्याकडं रांगेनं उभे असत. उस्तादांची एक पद्धत होती. ज्या रस्त्यासाठी ब्रेक करायचा, त्या रस्त्यानं गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून एकदा जाऊन यायचं. "गाडी गॅरेजात लाजती रं," ते म्हणायचे, "तिचं खरं दुखणं रस्त्यावर कळतंय." बाकीचे मिस्त्री हसायचे. उस्तादांना फुकटात फिरायला पाहिजे, चहा-भजी पाहिजेत, असं बोलायचे. भजी उस्तादांना आवडायची हेही खरं होतं. पण ती पद्धत मी उचलली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. तिच्यापायी आंबेनळीपासून आंबा घाटापर्यंतची सगळी वळणं अंगावर घेतली, आणि आज जे सांगायचं आहे तेही तिच्यामुळंच घडलं.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रेक म्हणजे घासणं. चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरत असतो. पाय दाबला की आतले लायनर जाऊन त्याला घासतात आणि चाक मंदावतं. घासलं की तापतं. सपाटीवर तापलेलं निवायला सवड मिळते, घाटात ती मिळत नाही. फार तापले की लायनर पकड सोडतात. पाय दाबलेलाच असतो, गाडी चाललेलीच असते. त्यात ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल गिचक्या भातात पाय घातल्यासारखं मऊ आत जातं. हे ज्यानं अनुभवलंय त्याला मी पुढचं सांगत बसत नाही. त्याचा चेहराच सांगतो.

यावर ट्रकवाल्यांकडं एक जुना उपाय आहे, एक्झॉस्ट ब्रेक. इंजिनातून हवा बाहेर पडते त्या पाइपात एक झडप असते. उताराला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की झडप मिटते. हवेला वाट मिळत नाही, ती आत तुंबते आणि इंजिनाला ती ढकलत बसावं लागतं. गिअर पडलेला असला की चाकं इंजिनाला बांधलेली असतात, म्हणून इंजिन अडलं की चाकंही अडतात. लायनरला हात न लावता गाडी आवरते आणि लायनर खऱ्या गरजेसाठी गार राहतात. ट्रकला हे कारखान्यातूनच येतं. आमच्या भागातल्या डिझेल पिकअपना बहुतेक नसतं. पण पिकअपवाले ट्रकवाल्यांच्याच हॉटेलात चहा पितात. त्यामुळं मधल्या काळात जो तो माझ्याकडं यायला लागला, "मिस्त्री, आमाला बी त्यो ब्रेक घाला."

प्रत्येकाला घालून दिला असता तर मी आज दोन मजल्यांचा मालक असतो. पण निम्म्यांना तो लागतच नव्हता. तासगावकडचे एक बागायतदार होते. द्राक्षाच्या पेट्या घेऊन सांगलीला जायचे. त्या वाटेवर गोटी ठेवली तर घरंगळायची नाही. मी विचारलं, "काका, तुमच्या वाटंला उतार कुटं हाय?" तर म्हणाले, "वस्तीवरनं खाली येताना हाय की." उस्तादांच्या पद्धतीनं मी जाऊन आलो. तो उतार त्यांच्या बैलांनासुद्धा ठाऊक नसेल. चुलतभावाच्या गाडीला आहे म्हणून ह्यांना पाहिजे होता, एवढंच. मी नवे लायनर घालून परत पाठवलं, तर रुसून गेले. पुढं दोन हंगामांनी स्वतःच आले, बेदाण्याची पिशवी समोर ठेवली आणि म्हणाले, "भावानं त्याचा काढून टाकला." एवढंच बोलून चहा प्यायले आणि गेले.

विट्याचा एक पोरगा तर निव्वळ आवाजासाठी आला होता. झडप मिटली की गाडी फुसकारते, तो फुसकारा त्याला गावात शिरताना पाहिजे होता. त्याला मी सांगितलं, गड्या, त्यापरीस एक म्हैस घे, फुसकारेल आणि दूधही देईल. तो चिडला नाही, हसला. अजून लायनर बदलायला माझ्याकडंच येतो.

आता सुभेदारांकडं येतो, कारण मनात सारखे तेच आहेत.

पाटणच्या पलीकडच्या एका वाडीतले हे फौजी. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागात फौजी घरी आला की ट्रॅक्टर घेतो, नाहीतर सरपंच व्हायला बघतो. ह्यांनी पिकअप घेतली. लोणंदच्या बाजारातून कांदा आणायचा, घरी निवडायचा आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडच्या आठवडी बाजारांत विकायचा, असा नवराबायकोचा धंदा. गाडी सुभेदार चालवायचे आणि बाजार कुसुमवहिनी चालवायच्या. सुभेदार बोलायला फार कमी. तराजूपाशी उभे राहिले तर गिऱ्हाईक भ्यायचं. वहिनींना मात्र चिपळूणच्या निम्म्या बायका नावानं ओळखायच्या.

ते माझ्याकडं आले तेव्हा पिकअपची डावी बाजू दिव्यापासून मागच्या फळीपर्यंत खरवडलेली होती. गाडीतून आधी वहिनी उतरल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "ह्या गाडीला थांबवायचं काय औशद आसंल तर बगा. काल घाटात ब्रेक लागंना. ह्यांनी डोंगराकडच्या गटारीत चाक घातलं म्हणून तुमच्या म्होरं उभी हाय. आता ह्ये म्हणत्यात गाडी इकायची आन पुण्याला कुटल्या कंपनीच्या गेटावर नोकरी धरायची."

"इकायचीच," सुभेदार म्हणाले. "बायकूला शेजारी घिऊन दरीत जायाला मी फौजेतनं वाचून आलो न्हाई, मिस्त्री."

"आन मी काय करू वाडीत एकली?" वहिनी त्यांच्याकडं न बघता मलाच सांगत होत्या. "लगीन झाल्यापास्नं ह्यो मानूस मला सुट्टीपुरता मिळाला. आला म्हणंस्तवर ट्रंक भरायची यळ व्हायची. आता कुटं शेजारी बसाय मिळतंय, त्ये बी गाडीत. गाडी गेली की परत तीच तऱ्हा. ह्ये पुण्याला, मी हितं."

मी आयुष्यात पुष्कळ ब्रेक दुरुस्त केले. पण एका ब्रेकवर एखादीचा नवरा घरी राहणार की नाही हे ठरणार आहे, असं काम माझ्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. दोन दिवसांत सांगतो म्हणालो आणि चाकं खोलली.

लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ड्रमवर निळी झाक आली होती. लोखंड निळं पडतं म्हणजे ताप कुठवर गेला असेल ते समजून घ्या. मी विचारलं, "घाट कुटल्या गिअरात उतरता?"

"तिसऱ्यात," सुभेदार म्हणाले, भिंतीकडं बघत.

भरल्या गाडीला कुंभार्लीत तिसरा गिअर म्हणजे जरा मोकळंच सोडणं. दुसरा पाहिजे. मी तसं सांगितलं. नवे लायनर बसवले, तेल बदललं आणि म्हणालो, ह्या गाडीला मात्र एक्झॉस्ट ब्रेक खरोखरच लागतोय, मी चांगला शोधतो.

तो निवडणं हे काम लोकांना वाटतं तसं सोपं नाही. आधी सुभेदारांनीच एक आणला, भंगारात निघालेल्या ट्रकचा. तो हवेच्या दाबावर चालणारा, आणि पिकअपमध्ये तसली हवा कुठून आणायची? मग कराडच्या बाजारातून एक कुठल्याही गाडीला बसतो म्हणून मिळणारा आणला. मला ह्या 'कुठल्याही गाडीला'ची पहिल्यापासून भीती वाटते. तो पाइपापेक्षा मोठा होता, आणि मिटल्यावर हवेला थोडी वाट राहावी म्हणून झडपेला जे भोक लागतं ते त्याला नव्हतं. हवा फार तुंबली तर ती इंजिनाचे व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडते, आणि मग ब्रेकपायी इंजिन जातं.

शेवटी पुण्याकडच्या एका ब्रेकच्या कारखान्यात फोन लावला. तिथं एक इंजिनिअर मॅडम बोलल्या. माझ्या दोन्ही मुलींपेक्षा लहान असाव्यात. मी आवाज जरा मोठा करूनच सुरुवात केली, चाळीस वर्षांचा अनुभव वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला एकेक विचारत गेल्या. गाडी कुठल्या सालची, टर्बो आहे का, टर्बोच्या पुढं पाइप केवढा, मागं धूर गाळायचा फिल्टर आहे का. फिल्टरची नवी गाडी असेल तर हात लावू नका म्हणाल्या. ही जुनी होती. त्यांच्याकडं नेमका त्याच इंजिनासाठी केलेला ब्रेक होता. त्या इंजिनाचे व्हॉल्व्ह किती दाब सोसतात तेही त्यांना पाठ होतं, मला ते ठाऊक नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांनीच शिकवली. पिकअपचा पायाचा ब्रेक हलका लागावा म्हणून त्याला व्हॅक्यूमची, म्हणजे हवा शोषून केलेल्या पोकळीची, मदत असते, आणि ही झडप ओढायलाही व्हॅक्यूमच लागतो. एका तोटीवर दोन घागरी लावल्या तर आयत्या वेळी एक रिकामी राहते. म्हणून झडपेसाठी व्हॅक्यूमची टाकी वेगळी ठेवा, त्या म्हणाल्या, आणि बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मी जिथून फोन केला तिथं उभं राहूनच त्यांना सलाम केला. त्यांना तो दिसला नाही, पण केला.

माल यायला वेळ होता. तोवर सुभेदार एक बाजार करून आले आणि गाडी दाखवायला आणली. चाक काढलं तर करपल्याचा वास. नवे लायनर, दुसरा गिअर, एकच उतार, आणि तरी वास? माझं डोकं चालेना. ब्रेकच्या नळ्या बघितल्या, सिलिंडर बघितले, सगळं जागच्या जागी. तेव्हा म्हणालो, पुढच्या बाजाराला मी येतो बरोबर.

सकाळी कांद्याच्या पिशव्या भरून निघालो. उजवीकडं सुभेदार, मध्ये वहिनी, खिडकीशी मी. कोयनानगरला चहाला थांबलो. तिथल्या टपरीवाल्या बाईचं मला कौतुक वाटतं. तिथला नेहमीचा भूकंपाचा हादरा बसला, कपबशा वाजल्या, तरी तिची नजर दुधावरून हलत नाही. चहा झाला, हेळवाक मागं पडलं आणि घाट सुरू झाला. सुभेदारांनी व्यवस्थित दुसरा गिअर टाकला. इंजिन गर्जायला लागलं. गाडी कशी छान आवरून उतरत होती. मी मनात म्हणालो, माणूस तर नीट चालवतोय.

दोन वळणं झाली आणि वहिनी म्हणाल्या, "आवं, गाडीला काय झालंय का?"

सुभेदार समोर बघत राहिले.

"काय झालं वैनी?" मी विचारलं.

"बोंबलतीया केवढी. रोज घाट लागला की गाडी गप हुती. नुसता वाऱ्याचा आवाज."

"रोज गप हुती?"

"व्हय की. मला वाटायचं, उताराला गाडीला कष्ट न्हाईत म्हणून गप आसंल. माजा तर डोळा लागतो, थेट खाली पोफळी येईस्तवर."

मला एकदम सगळं समजलं. गिअरात असलेली गाडी उताराला गप्प राहूच शकत नाही. ती गप्प होते एकाच कारणानं, गिअर काढून न्यूट्रल केली तर. आमच्याकडं ही खोड घरोघर आहे. उतार लागला की न्यूट्रल करायची आणि गाडी सोडून द्यायची, डिझेल वाचतं म्हणून. सायकलवरून आल्यासारखी गाडी खाली येते. पण इंजिन सुटलं की सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. जगातला भारीतला भारी एक्झॉस्ट ब्रेक आणून बसवला तरी न्यूट्रलमध्ये त्याचा शून्य उपयोग. तो इंजिनाला अडवेल, पण चाकांचा इंजिनाशी संबंधच राहिलेला नसतो.

"सुभेदार," मी म्हणालो, "गाडी बाजूला घ्या."

एका रुंद वळणावर त्यांनी गाडी घेतली. मला राग लवकर येतो, तो आलाच. "न्यूट्रल काढता?"

ते दरीकडं बघत म्हणाले, "डिझेल वाचतंय."

"आवं, फौजेत माणसं सांबाळलीसा तुमी. आन घरची लक्ष्मी शेजारी बसवून गाडी मोकळी सोडता? डिझेलसाठी?"

"न्यूट्रल म्हंजी काय दादा?" वहिनींनी विचारलं. बिचाऱ्यांना गिअर टाकताना हात हलतो एवढंच दिसायचं. कुठला पडला, पडला की निघाला, ते कसं कळणार? मी सांगितलं, "बैलांचा कासरा सोडून द्यायचा आन गाडी उताराला लावायची, तसं."

 वहिनी नवऱ्याकडं वळल्या. "डिझेल वाचवाय व्हय? गावात कुणाची बाई अडली तर न इचारता गाडी काढता तुमी. तवा कदी डिझेल दिसलं न्हाई तुमाला. खरं काय त्ये सांगा."

सुभेदारांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"तू पाटं उठतीस. कांदा निवडतीस, पिशव्या भरू लागतीस. बाजारात दीसभर हुबी. गिअरात गाडी बोंबलती, तुजा डोळा लागंना. एकदा न्यूट्रल केली तवा गप झाली. तू झोपलीस. माज्या खांद्याव. मग रोज केली." पुढं म्हणाले, "ब्रेक गेला त्या दिशी बी झोपलीच हुतीस. गटारीत चाक गेलं तवा जागी झालीस."

 रागवायचं कुणावर? ज्या माणसाला उभ्या उमरीत बायकोला एक दिवस सुखाचा देता आला नाही, त्याला घाटातली तेवढी झोप देता येत होती, आणि त्या झोपेपायी तो दोघांना घेऊन दरीकडं चालला होता. माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

वहिनी रडल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झोप मला कुटं बी मिळंल. पिशव्यांवर मिळंल, घरी मिळंल. तुमी न्हाई मिळणार. घाला गिअर."

सुभेदारांनी गिअर टाकला. त्या दिवशी पोफळीपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरात बोंबलत उतरली. खाली आल्यावर मी ड्रमवर पाण्याचे थेंब टाकून बघितले. चर्र झालं, पण थोडंच. खरं सांगायचं तर त्यांचं निम्मं दुखणं तिथंच बरं झालं होतं, सामान न बदलता. मग पुढं ब्रेक बसवायचा कशाला, असं सुभेदारांनीच विचारलं. त्याचंही उत्तर मी त्याच उतारावर घेऊन आलो होतो. गाडी गच्च भरलेली असली की तीन-चार वळणांवर दुसरा गिअरही पुरत नव्हता. पाय बराच वेळ दाबून धरावा लागत होता. पुढं एखादी गाडी अचानक उभी राहिली, तर तेव्हा पायाचा ब्रेक गार पाहिजे. तेवढ्यासाठी तो हवा होता. मी सांगितलं, आता घालतो, कारण आता त्याचा उपयोग होईल.

आरटीओत विचारणा झाली आणि पुण्याहून माल आला, तो मी स्वतः बसवला. जावयाला पकड धरू दिली, बाकी हात लावू दिला नाही. टाकी वेगळी घातली. क्लच दाबला किंवा ॲक्सिलरेटर दिला की झडप आपोआप उघडेल असे स्विच जोडले. सुभेदारांना दोन गोष्टी बजावल्या. गाडी रिकामी आणि रस्ता ओला असेल तर नव्या ब्रेकचं बटण बंद ठेवायचं, कारण हा ब्रेक नुसत्या मागच्या चाकांना धरतो आणि हलकी गाडी मागून घसरते. आणि न्यूट्रलचं नाव काढायचं नाही. वहिनींना म्हणालो, "वैनी, एक सांगतो. आता गाडी पयल्यापेक्षा जास्त बोंबलणार."

"बोंबलू द्या," त्या म्हणाल्या.

गाडी विकली गेली नाही. पुण्याच्या गेटावर दुसरं कोणी तरी उभं राहिलं असेल.

त्यानंतर बरेच महिने त्यांची गाडी नुसती तपासणीला यायची. लायनर इतके हळू झिजत होते की माझ्या धंद्याचं नुकसानच म्हणायचं. मग एकदा मला चिपळूणला जायचं निघालं. माझी थोरली तिथं दिलेली आहे, नातवाला ताप होता. एसटीची वाट बघत उभा होतो तर हेच दोघं आले आणि मला चढवून घेतलं. पुन्हा तीच बैठक, मध्ये वहिनी, खिडकीशी मी.

घाट सुरू झाला. दुसरा गिअर पडला, पाय सुटला, झडप मिटली, आणि इंजिनानं असा काही घोष धरला की मला माझा खोकला ऐकू येईना. मी वहिनींकडं बघितलं. त्या टक्क जाग्या होत्या. आणि सुभेदार बोलत होते.

बोलत म्हणजे ओरडत होते. त्याशिवाय त्या आवाजात ऐकूच येत नव्हतं. बर्फातल्या कुठल्या तरी चौकीवर त्यांच्या तुकडीनं एक कुत्रं पाळलं होतं. ते कुत्रं स्वयंपाक्याच्या अंथरुणात कसं झोपायचं, ही गोष्ट सुभेदार घाट दणाणून सांगत होते. वहिनी तेवढ्याच मोठ्यानं विचारत होत्या, "मग? मग सायेबानं काय केलं?" मधेच कांद्याच्या निवडीवरून भांडण झालं, तेही ओरडून. मग पुन्हा कुत्रं. एका वळणावर पुढं कंटेनर आडवा लागून उभा होता. सुभेदारांनी वाक्य न तोडता पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि साहेबाच्या बुटात कुत्र्यानं काय केलं ते सांगून झालं. माझ्या कामाची यापेक्षा चांगली पावती मला कधी मिळाली नाही, आणि ती देणाऱ्याला आपण काही दिलं हे ठाऊकही नव्हतं.

पोफळीला सपाटी लागली. झडप उघडली, इंजिन निवलं, आणि सुभेदार नेहमीसारखे गप्प झाले.

"बगा," वहिनी हळूच मला म्हणाल्या. "सपाटीला असं आसतंय. पर घाटात ऐकू येईना म्हणून वरडाय लागले, आन वरडाय लागले तवापास्नं बोलाय लागले. लगीन झाल्यापास्नं ह्यो मानूस कुटं कुटं हुता, काय खात हुता, कुणासाठी रडला, समदं मला ह्या घाटात कळालं." मग माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "दादा, आवाज कमी करायचं कायतरी निघालं आसंल पुण्यात, तर आमच्या गाडीला नगा घालू."

"न्हाई घालत, वैनी," मी म्हणालो.